कशेळीचा हत्ती आणि वाडीचा बंधारा

दिवस पहिला, शुक्रवार

कशेळीला चाललोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "भिवंडीजवळची का?" नाही हो, ती नाही. ही रत्नागिरी जिल्ह्यातली, राजापूर तालुक्यातली कशेळी, समुद्राला टेकलेली, रत्नागिरी शहरापासून तीस-बत्तीस किलोमीटर दक्षिणेला. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राचं मूळ गाव. तो स्वतः वर्षातून एकदा गणपतीला जातो पण त्याचे काका-काकू तिथेच राहतात, आणि "डिसेंबरात जा, गर्दी नसते, हवा मस्त असते" असं तो दोन वर्षं सांगत होता. मला मात्र खरा इंटरेस्ट तिथल्या कातळशिल्पात, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रात होता, फोटोत बघितलेला तो भलामोठा हत्ती डोक्यातून जात नव्हता. म्हणून एकदाची चार दिवस सुट्टी टाकली आणि मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक असे पहाटे पाचला पुण्यातून निघालो.

कराडपर्यंत हायवे, मग आत वळून शाहूवाडीकडून आंबा घाट. घाटाच्या तोंडाशी धुकं होतं, खाली साखरपा आलं तेव्हा ऊन लागायला लागलं आणि स्वेटर काढले. हातखंब्याला मुंबई-गोवा हायवे लागतो, त्याच्या कामाबद्दल काही लिहीत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. रत्नागिरीत नुसतं पेट्रोल भरलं. भाट्याचा पूल ओलांडला की खरी मजा सुरू होते. डोंगर चढायचा, वर सपाट सडा म्हणजे कातळाचं पठार, परत खाली उतरायचं, खाली खाडी, नारळी-पोफळी, पूल, परत चढ. गोळप, पावस, पूर्णगड. पूर्णगडाला मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते, पूल ओलांडला की गावखडी आणि तिथलं ते सुरूचं बन. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला पाच मिनिटं टेकलो, बाकी कुठे थांबलो नाही.

आणि मग अर्थातच चुकलो. फोनवरच्या नकाशाने एका लाल कच्च्या रस्त्याला घातलं, नवरा म्हणाला शॉर्टकट असेल, आणि अर्ध्या किलोमीटरवर रस्ता संपून समोर एकदम खड्डा, म्हणजे खड्डा म्हणजे किती, आमच्या सोसायटीची अख्खी बिल्डिंग आडवी मावेल एवढा. चिरेखाण होती, म्हणजे बांधकामाचे चौकोनी दगड (चिरे) काढायची खाण. खाली एक मशीन रुळावर पुढे-मागे जात गोल पात्याने जमीन कापत होतं, लाल धूळ, आणि कामगार कापलेले चिरे उचलून ट्रकमध्ये रचत होते. चिडचिड करण्याऐवजी लेक आणि मी काठावर उभ्या राहून बघतच बसलो (लांबून, काठाला कठडा वगैरे नव्हता). कारण त्या कापलेल्या भिंतीत सगळा सडा आडवा कापून दाखवल्यासारखा दिसत होता. वरचा थर काळपट आणि टणक, खाली लाल-पिवळा, भोकाभोकांचा, आणि तळाला पांढुरकी चिकट माती. हाच जांभा दगड. जमिनीत असतो तोवर कापता येण्याइतका मऊ असतो आणि बाहेर हवा-ऊन लागलं की कडक होत जातो, म्हणून तर सगळ्या कोकणातली घरं, गडगे (कुंपणाच्या दगडी भिंती), विहिरी, देवळं याच्याच चिऱ्यांची. ट्रकवाल्याने आम्हाला बघून न विचारताच हात केला, मागे फिरा, डांबरी सोडू नका. रोज कोणीतरी येत असणार.

घरी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. सड्यावर गाव दिसतच नाही, हे आधी कळलं नाही. वर नुसतं पिवळं गवत आणि काळा कातळ, आणि लोक कुठे राहतात तर सडा जिथे संपून खाली घसरतो त्या घळीत. गाडी वर ठेवायची आणि जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाडीने उतरायचं, दोन्ही बाजूला गडगे, वर आंबा-फणसाची सावली, आणि एकेक घर दिसायला लागतं. अशा वाड्या वाड्या मिळून गाव. बेड्याशी, म्हणजे आवाराच्या दाराशी, काका उभेच होते. काकूंनी आधी कोकम सरबत दिलं, मग "जेवल्याशिवाय काय बोलू नका" म्हणून पानंच घेतली. कुळथाचं पिठलं, भात, सांडगी मिरची आणि ओल्या काजूच्या मोसमात येत नाही म्हणून मला ऐकवलेली दोन वाक्यं.

संध्याकाळी ओटीवर बसलेलो असताना काका म्हणाले, "रविवारी बंधारा हाय वाडीचा. तुमचं फिरनं हुईल तेवा हुईल." मी हो म्हणून टाकलं, बंधारा म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते न विचारता.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी कनकादित्य. महाराष्ट्रात सूर्याची देवळं मुळात मोजकीच, त्यातलं हे एक नांदतं देऊळ. उतरत्या कौलांचं, आवारात दीपमाळा, फरशी सकाळी पायाला गार लागते. आत गेल्यावर आधी वर बघा, लाकडी छतावर कोरीव काम आहे, मान दुखेपर्यंत बघत राहिलो. गाभाऱ्यात काळ्या दगडाची आदित्याची मूर्ती. शनिवार असूनही आम्ही तिघं, पुजारी, आणि एक मुंबईहून आलेलं कुटुंब, बास. रथसप्तमीला मात्र इथे पाय ठेवायला जागा नसते. पाच दिवस उत्सव चालतो, कालिकावाडीची कालिकादेवी पालखीतून कनकादित्याकडे येते, दोघांचं लग्न लागतं. काका म्हणाले तेव्हा या, मुंबई-पुण्याचे सगळे तेव्हा येतात, आमच्या घरात तेव्हा झोपायला पडवीपण पुरत नाही.

देवळाची गोष्ट अशी सांगतात. सोरटी-प्रभासपट्टणच्या बाजूला अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली तेव्हा तिथल्या पुजाऱ्याने सूर्यमूर्ती एका गलबतावर चढवून दक्षिणेकडे पाठवली. गलबत कशेळीच्या किनाऱ्यासमोर आलं आणि अडलं, काही केल्या हलेना. मग खलाशाने मूर्ती किनाऱ्यावरच्या एका घळीत ठेवली आणि गलबत सुटलं. ती घळ म्हणजे देवघळी. पुढे गावातल्या कनका नावाच्या बाईच्या स्वप्नात देव आला, तिने गावाला सांगितलं, मूर्ती आणून स्थापना झाली, आणि तिच्या नावावरून कनकादित्य. देवाच्या नावाआधी बाईचं नाव लागलंय, तेही राणीचं नाही, साध्या गावातल्या भाविक बाईचं, हे मला फार आवडलं.

पण गंमत पुढे आहे. देवळाकडे एक ताम्रपट आहे, पन्हाळ्याच्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा, शके १११३ म्हणजे इसवी सन ११९१ चा. त्यात कशेळी गावाचं उत्पन्न रोज बारा ब्राह्मणांच्या जेवणासाठी लावून दिलंय. आणि खिलजीच्या फौजा गुजरातेत गेल्या १२९९ ला. म्हणजे गोष्टीतला देव यायच्या शंभर वर्षं आधीपासून गावाचं नाव तांब्यावर कोरलेलं होतं! मी मोठ्या उत्साहाने हे काकांना सांगितलं, वाटलं त्यांना धक्का बसेल. ते शांतपणे म्हणाले, "मग काय, आधी जेवनाची सोय झाली, मागनं देव आला. बरोबरच हाय की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

दुपारी झोप. डिसेंबर असला तरी बारा ते तीन कातळावर जायचं नसतं, खालून भाजतं.

चारला निघालो हत्तीकडे. मुद्दाम उशिरा, कारण ऊन तिरकं पडलं की खाचांमध्ये सावली भरते आणि रेघा उठून दिसतात, डोक्यावर सूर्य असताना आलात तर नुसता खडबडीत दगड दिसेल आणि हात हलवत परत जाल. सड्यावर काकांमागे चालत गेलो. जांभ्याच्या गडग्याने जागा बंदिस्त केलेली आहे. काकांनी चपला बाहेर काढायला लावल्या, तशी कुठे पाटी नव्हती, त्यांचा नियम.

आणि हत्ती दिसेना. खरं सांगते, पाच मिनिटं मी त्याच्या समोर उभी राहून हत्ती शोधत होते. आपण ज्या फोटोंवर जीव टाकतो ते सगळे ड्रोनचे असतात. चित्र साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, म्हणजे "उंच" कसलं, जमिनीवर आडवंच आहे, आणि माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून ते एका नजरेत मावतच नाही. मग लेकीने युक्ती काढली, ती रेघेच्या कडेकडेने चालत सुटली आणि ओरडून सांगायला लागली, हा पाय, हे पोट, आता सोंड आली, सोंड, सोंड, अजून सोंडच चाललीय. तिच्या चालण्यातून मला हत्ती दिसला. आणि हत्ती दिसल्यावर मग त्याच्या पोटात आणि आजूबाजूला बाकीची मंडळी दिसायला लागली, मासे, पाकट म्हणजे स्टिंगरे, चार पायांची जनावरं, असे सत्तरेक प्राणी एकट्या या ठिकाणी आहेत. बोट-दोन बोटं खोल खाच, आणि एवढ्या टणक कातळात, धातूचं हत्यार हातात नसलेल्या माणसांनी.

मला सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रश्न हा की ज्याने कोरलं त्याला तो पूर्ण दिसला कसा? वर चढायला काही नाही, सडा सपाट, ड्रोन तर नव्हताच. तरी पाठीची रेघ एका दमात ओढल्यासारखी आहे.

किती जुनं, तर अभ्यासक दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात, मध्याश्मयुग. कार्बन डेटिंग दगडाचं होत नाही त्यामुळे नक्की आकडा कोणी देत नाही. कोकणातल्या काही कातळांवर गेंडासुद्धा कोरलाय, जो आज इथे औषधालाही नाही. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून ही ठिकाणं शोधली, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली सात, त्यात कशेळी, मग सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ.

"तुम्हाला माहीत होतं का आधी?" मी काकांना विचारलं. "गुरं घेऊन रोज हितंच यायचो की. पांडवांनी एका रातीत काढलं म्हनायचे म्हातारे. हत्ती हाय ते काय म्हाईत नव्हतं. पोटातला तो मासा म्हाईत होता, त्याच्या खाचंत पावसाचं पानी साचायचं, कुत्रं प्यायचं माझं."

तिथून सूर्यास्ताला देवघळी. सडा समुद्रावर येऊन एकदम तुटतो, जांभ्याचा उभा कडा, खाली लाट घळीत घुसून फुटते आणि तो आवाज छातीत जाणवतो. हल्ली रील्समुळे इथे गर्दी वाढलीय. आम्ही होतो तेव्हा चार पोरं अगदी कड्याच्या टोकाला पाय सोडून बसलेली, काका लांबूनच त्यांच्यावर ओरडले, पोरांनी ऐकलं, हेच आश्चर्य. जांभा वरून टणक दिसतो पण खालून पोखरलेला असतो, तिथे शहाणपणा करू नये.

दिवस तिसरा, रविवार

सातला वाडीतली माणसं पऱ्याकडे निघाली. पऱ्या म्हणजे ओढा, घाटावरच्या लोकांसाठी सांगते. नियम साधा, घरटी एक माणूस. आमच्या घरातून काका जाणार होते, पण आम्ही पाहुणे तिघं मोफत मिळाल्यामुळे काकांचा भाव एकदम वधारला.

बंधारा का लागतो हे मला शुक्रवारी त्या चिरेखाणीत दिसलं होतं पण कळलं नव्हतं. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्याच्या चौपट तरी. तरीही एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो. पाऊस कातळावरून थेट समुद्रात पळतो, जो थोडा मुरतो तो भोकाभोकांच्या जांभ्यातून खाली जातो, तळाच्या त्या चिकट मातीवर अडतो आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यासारखा बाहेर येतो. म्हणूनच वाड्या सड्यावर नाहीत, घळीत आहेत, झरा जिथे तिथे माणूस. पण जांभा पाणी धरून ठेवत नाही, गाळणीसारखा सोडत राहतो, आणि मार्चपर्यंत झऱ्याची धार करंगळीएवढी होते. मग डिसेंबरात पऱ्याला जरा पाणी असतानाच तो आडवायचा, म्हणजे पाणी तुंबून बाजूच्या जमिनीत मुरतं, खालच्या विहिरींना दोन महिने जास्त मिळतात. सरकारी भाषेत याला वनराई बंधारा म्हणतात, वाडीत कोणीही असं म्हणत नाही.

काम असं. रिकाम्या सिमेंटच्या, खताच्या, तांदळाच्या गोण्या वर्षभर जमवून ठेवलेल्या असतात. दोघांनी फावड्याने वाळू-माती भरायची, एकाने दाभण-सुतळीने तोंड शिवायचं, बाकीच्यांनी रांग करून हातोहात पुढे द्यायच्या. पऱ्यात आडव्या दोन भिंती रचायच्या, मधे चिकट माती भरून पायाने तुडवायची. तुडवायचं काम पोरांचं. लेक सकाळी नखाला चिखल लागला तर नाक मुरडणारी, अर्ध्या तासात गुडघ्यापर्यंत लाल होऊन नाचत होती, आणि एक चप्पल तिथेच बंधाऱ्यात गेली ती गेली. मी शिवायला बसले. माझी पहिली गोणी उचलताच तोंडाशी सुटली आणि एका आजोबांच्या पायावर ओतली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाय, तू मोज." म्हणून मला गोण्या मोजायच्या कामावर बढती मिळाली.

एकूण माणसं किती, तर पंचवीस-तीस. त्यातली निम्मी साठीच्या पुढची. वाडीत जेवढी उघडी घरं तेवढीच जवळजवळ कुलपं, ती गणपती, शिमगा आणि मे महिन्यातच निघणार. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने सुतळी, चहा-साखरेचे पैसे ऑनलाइन पाठवलेले, आणि एकजण दर तासाला ग्रुपवर फोटो टाकत होता, लगेच बोरिवली, नालासोपारा, दिव्याहून अंगठे यायचे. "अंगठं नको, मान्सं पाठवा," आजोबा म्हणाले. हे तेच पायावर गोणी पडलेले. परळला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गिरणी परत सुरू झाली नाही तेव्हा गावी आले, म्हणाले दोन महिन्यांसाठी आलेलो. त्यांच्याकडून कळलं की पूर्वी बंधारा घालायला मान्सं हीच, पण पाणी आधी खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, आगराला (नारळी-पोफळीच्या बागेला). खोती कायद्याने गेली १९४९ ला, बाबासाहेबांनी त्याच्या बारा वर्षं आधी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं होतं. आजोबांना सालं पाठ होती. "कागदावर गेली. पाटाचं पानी आमच्याकडं वळाया अजून बरीच वर्सं लागली," एवढंच बोलून ते परत गोणी उचलायला गेले.

दोन नेपाळी कुटुंबंपण कामाला होती. आंब्याच्या बागा राखायला नेपाळची माणसं या पट्ट्यात सगळीकडे आहेत, बागेतच राहतात, त्यांची पोरं इथल्या शाळेत जातात. त्यातली एक मुलगी माझ्या लेकीला अस्सल वाडीच्या हेलात ओरडत होती, "अगो असं नाय, टाच मार, टाच!"

दहाला चहा आणि बटाटेवडे. मग सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, वांदर म्हणजे माकडं. भात कापून झालाय, आता वाल-पावटा आणि कुळीथ टाकायचा, पण वांदर काही ठेवत नाहीत, डुकरं रात्रीची येऊन उकरतात, म्हणून कित्येकांनी शेती सोडून दिली आणि जमिनीत गवत माजलं. एक मावशी म्हणाल्या, आम्ही वांदरांसाठीच पेरतो, उरलं तर आमचं. त्या हसून म्हणाल्या पण कोणी हसलं नाही.

साडेअकराला शेवटची गोणी बसली. माझ्या मोजणीप्रमाणे ३४२, काकांच्या मोजणीप्रमाणे साडेतीनशे, वहीत साडेतीनशे लिहिलं गेलं. पाणी वाहायचं थांबलं तो क्षण विचित्र होता, इतका वेळ खळखळ कानात होती ती बंद झाली आणि सगळे एकदम हळू बोलायला लागले. मग बाजूचे दगड एकेक करून बुडायला लागले. काकांनी नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात हे सगळं वाहून जाणार. मी नवऱ्याला म्हटलं मग सिमेंटचा का नाही बांधत एकदाच, ते शेजारच्याने ऐकलं आणि बोटाने खालच्या अंगाला दाखवलं. तिथे सिमेंटचा एक होता, चांगला भक्कम, आणि पाणी त्याच्या खालच्या दगडातून झिरपून पुढे चाललेलं. मी गप्प.

दुपारी जेवून जी झोपले ती पाचला उठले. दंड भरून आलेले. रात्री काकूंनी गरम पाण्याची बादली न मागता भरून ठेवली होती.

दिवस चौथा, सोमवार

आडिवऱ्याची महाकाली, मग वेत्ये, मग देवाचे गोठणे. एका दिवसात जरा जास्तच झालं.

आडिवरे जवळच, वाडापेठेत बाजार, एसटी, बँक, सगळं. भोजाच्या ताम्रपटात अट्टविर असं जे नाव येतं ते हेच म्हणतात. देवळाच्या आवारात महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती, नगरेश्वर, रवळनाथ असे सगळे एकत्र आहेत. इथलीही गोष्ट समुद्रातूनच येते, वेत्याच्या किनाऱ्यावर भंडारी समाजाचे लोक मासे धरायला गेले होते आणि जाळं वर येईना, देवीने दृष्टांत दिला, आणि जाळ्यातून देवी वर आली. कशेळीचा देव गलबतातून, आडिवऱ्याची देवी जाळ्यातून. जमिनीवरून काही यायचं तर मध्ये सह्याद्री, त्यामुळे पूर्वी इथे जे काही येणार ते समुद्रातूनच येणार, मीठमसाला असो की देव.

वेत्याचा किनारा रिकामा, लांबच लांब. ऑलिव्ह रिडले कासवं इथे आणि गावखडीला अंडी घालायला येतात. आम्हाला कासव दिसलं नाही, दिसणारही नव्हतं, ती रात्री येतात. पण जाळी लावून अंडी पुरून ठेवलेली जागा बघितली, आणि तिथल्या कासवमित्राने लेकीला समजावलं की अंड्यातून पिल्लू यायला दीडेक महिना लागतो आणि वाळू किती गरम यावर नर का मादी ते ठरतं. तिने हे पुढचे दोन तास गाडीत आम्हाला परत परत सांगितलं.

गोठण्याला भार्गवरामाचं देऊळ, म्हणजे परशुराम. देवळामागून पाखाडीने वर चढलं की सडा, आणि तिथे कातळात एक आडवी मनुष्याकृती. इथली खासियत अशी की चित्रावर होकायंत्र ठेवलं तर सुई चुकीची दिशा दाखवते. नवऱ्याने फोनमधलं काढलं, मी शाळेच्या कंपासपेटीतलं खरं नेलं होतं. चित्राच्या बाहेर ठीक, आत नेऊन ठेवलं की सुई भरकटते, परत बाहेर आणली की ठिकाणावर. जांभ्यात लोह भरपूर असतं, पण मग बरोबर इथेच का आणि कोरणाऱ्याला ते कळलं होतं का, यावर आम्ही दोघं उन्हात उभं राहून भांडलो. बारसूच्या सड्यावर कोरलेला, दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस बघायचा राहिला. तो सडा रिफायनरीच्या वादात २०२३ मध्ये रोज टीव्हीवर होता, तेव्हापासून बघायचा होता, पण लेक गाडीत झोपली आणि परत फिरलो.

दिवस पाचवा, मंगळवार

निघायच्या आधी पऱ्यावर चक्कर. पाणी गोण्यांच्या वरच्या थराला लागलेलं, दोन बायका कपडे धुवत होत्या, एक खंड्या बंधाऱ्यावर बसलेला. लेकीने चपलेचा शोध घेऊन बघितला, नाही मिळाली. काका खालच्या विहिरीत दोरी सोडून आले, म्हणाले, वीतभर वर आलंय.

काकूंनी आमसुलं, कुळथाचं पीठ आणि उकड्या तांदळाची दहा किलोची गोणी बांधून ठेवली होती. नको नको म्हणत घेतलीच. पाखाडी चढून गाडीपर्यंत आल्यावर काकू मागून हाक मारत आल्या, मला वाटलं काही विसरलो.

"तांदूळ संपला की गोनी धाडून द्या हां परत. फाडू नका. बंधाऱ्याला लागंल."